खाण्याची शाई

४ फेब्रुवारी

पोचले एकदाची! सामानाच्या पेट्या अजून जिन्याखालीच आहेत, कंगवा कुठे गेलाय कोणास ठाऊक, पण ही वही हातातल्या पिशवीत होती म्हणून नव्या घरातलं पहिलं काम हेच.

खाली बेकरी, वर घर. लग्नाआधी नवऱ्याने एवढंच सांगितलं होतं. मी आपली समजत होते की दुकानाच्या माळ्यावर कुठेतरी दोन गाद्या टाकून संसार मांडायचा. प्रत्यक्षात चांगल्या तीन मोठ्या खोल्या आहेत, आणि आमच्या खोलीच्या बरोबर खाली भट्टी! फरशी कायम कोमट. नवरा म्हणाला, या घरात थंडीतही कोणी मोजे घालत नाही. मी तिथल्या तिथे चपला भिरकावल्या आणि खोलीभर अनवाणी फिरून घेतलं. तो हसत बसला.

सासूबाई लग्नाला आल्या होत्या खऱ्या, पण सह्या झाल्या झाल्या परतीच्या गाडीला पळाल्या, त्यामुळे आज त्यांना धड पाहिलं. काटकुळ्या, चपळ, कोपरापर्यंत मैदा. माझ्यासाठी अर्धं कपाट रिकामं करून ठेवलंय आणि वर स्वतःच्याच साड्यांकडे बघून म्हणाल्या की या जुन्या भाडेकरूंना हळूहळू बाहेर काढू. पाव भाजणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे भट्टीकाका म्हणतात. बोलणं कमी, भुवया जाड. त्यांनी हातावर गरम पाव ठेवला, वर लोण्याचा गोळा. माझं स्वागत झालं.

सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी झटका आला. वाचा गेली आणि ते अंथरुणाला खिळले. मागच्या खोलीत असतात. त्यांना दारातूनच भेटवलं. कुशीवर झोपलेले, नाकाखालून गळ्यापर्यंत पांढरंशुभ्र फडकं बांधलेलं. लाळ गळते म्हणून, असं सासूबाई म्हणाल्या. त्यांचं सगळं त्या एकट्या करतात, मुलालाही हात लावू देत नाहीत. मी नमस्कार केला तशी त्यांनी नजर वळवली. सुरेख डोळे आहेत. नवऱ्याने तेच उचललेत.

इथे मी सुखात राहणार, असं वाटतंय.

७ फेब्रुवारी

माहेरून काय आणलंस हे मला इथे कोणी विचारलं नाही, पण प्रिंटर दुरुस्त करता येतो का, हे आज सासूबाईंनी विचारलं. न यायला काय झालं! झेरॉक्सच्या दुकानात चार वर्षं काढली मी. गावभरचे मेलेले प्रिंटर माझ्याच टेबलावर यायचे, आणि बहुतेक उठून चालत घरी जायचे.

हा प्रिंटर साखरेच्या पोत्यांमागे, जाड प्लास्टिकखाली झाकून ठेवलेला होता. साधा शाईचाच, पण यात खाण्याची शाई घालतात: साखर, पाणी आणि खाण्याचे रंग. कागदही साखरेचा, पापुद्र्यासारखा पातळ. त्यावर फोटो छापायचा, केकवर अलगद अंथरायचा, क्रीमच्या ओलाव्याने तो चिकटून बसतो. बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, ही कल्पना. त्या केकांसाठी शेजारच्या गावांतून माणसं यायची म्हणे. बाबा आजारी पडले आणि यंत्र बंद झालं ते झालं. सासूबाई म्हणाल्या की गिऱ्हाईक पावावर किती दिवस टिकणार, हे सुरू झालं तर घर वर येईल. बोलताना त्यांनी माझं मनगट धरलं होतं. एवढं घट्ट कशाला, असं वाटून गेलं.

झाकण उघडलं आणि मागे सरले. दात घासायच्या आधी तोंडावर ओंजळ धरून श्वास सोडला की जो वास येतो ना, तो. फक्त त्यात साखर घातलेली.

नवरा मला इंजिनियरीणबाई म्हणायला लागला आहे. आता माघार नाही.

८ फेब्रुवारी

साधी शाई वाळते. ही कुजते. हा फरक मला माहीत नव्हता, आज नाकाने शिकले.

चारही कार्ट्रिज काढली. काळ्याचं डांबर झालेलं. पिवळ्यावर पांढरी लव, शिळ्या पावावर येते तशी. गुलाबी आणि निळं एकमेकांत उतरून यकृताच्या रंगाचा मुरंबा झालेला. तो मी काडीने खरवडून काढला आणि दोनदा मोरीकडे धावले. मग हेड सोडवलं. शाईचे थेंब उडवणारा हा भाग म्हणजे प्रिंटरचा जीव. त्याची केसाहून बारीक भोकं बुजली की सगळं संपलं. घाई करून चालत नाही. कोमट डिस्टिल्ड वॉटर बशीत ओतलं, त्यात मऊ कागदाची घडी भिजवली आणि हेड तिच्यावर ठेवून दिलं. तासाभराने बघते तर घडीवर चार रंग पसरलेले. म्हणजे जीव आहे.

पुढचं काम सिरिंजचं. तोटीला बारीक नळी जोडायची, पाणी हळूहळू आत सोडायचं, मग मागे ओढायचं. आधी तपकिरी पाणी आलं. मग गुठळ्या. मग दट्ट्या अडला. जरा जोर लावून ओढला तर नळीतून एक तार यायला लागली, शेंबडासारखी. येतच राहिली. तुटेना. बोटांना चिकटली, मनगटावर लोंबली, वीतभर झाली तरी संपेना. शेवटी आली ती टोकासकट. टोकाला बारीक बारीक फाटे फुटलेले होते, झाडाच्या मुळासारखे. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून फेकून दिली आणि हात तीनदा साबणाने धुतले. तरी बोटांना गोड वास येतोय.

तळाशी एक पॅड असतं. हेड साफ करताना जी शाई वाया जाते ती शोषून घ्यायला जाड फेल्टचा तुकडा बसवलेला असतो, बाळाच्या दुपट्यासारखा. ते तर फेकायचंच होतं. काळपट जांभळं, फुगलेलं, वरून बुळबुळीत, आणि ओल्या टॉवेलसारखं जड. चिमट्याने उचलून कचऱ्याच्या डब्याकडे निघाले तर सासूबाई आडव्या आल्या. माझ्या हातातून त्यांनी ते नुसत्या हाताने घेतलं. नळाखाली धरलं आणि अंगठ्याने हळूहळू चोळत धुतलं, किळस नाही की काही नाही. मी म्हटलं, नवीन सहज मिळतं, तर म्हणाल्या, “तेच बसव. यांच्या हातचं आहे.”

घरात येऊन चार दिवस झाले नाहीत, भांडू कशाला? बसवलं. पण इतकं धुऊनही त्यातून पाणी गळत नव्हतं, हे काही मला झेपलं नाही.

११ फेब्रुवारी

चालला!

नवी शाई आली, नवी कार्ट्रिज बसवली. पहिल्या टेस्ट प्रिंटवर निळ्याच्या सगळ्या रेघा तुटक आणि काळं गायब. हेड साफ करायची आज्ञा दिली की यंत्र घुर्र करतं आणि आतली शाई पॅडमध्ये ओढतं. असं पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी आवाज गिळल्यासारखा येतो, आणि घोट उतरल्यावर आतून काहीतरी सैलावतं. चौथ्या-पाचव्या खेपेला रेघा अशा उमटल्या की मी टाळ्याच पिटल्या.

साखरेच्या कागदावर पहिला फोटो नवऱ्याचा काढला, लग्नाच्या दिवशीचा, नाकावर क्रीम लागलेला. इतकं स्वच्छ छापलेलं मी दुकानातल्या महागड्या यंत्रावरही पाहिलं नव्हतं. गालांवरचं ऊनसुद्धा दिसत होतं. या पठ्ठ्याने केकची वाट पाहिलीच नाही. स्वतःचं तोंड स्वतःच्या तोंडात घालून मोकळा झाला. म्हणाला की बाबांच्या वेळचीच चव, जराशी खारट. मलाही तुकडा देत होता. पण ती तार अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती. नको म्हटलं.

सासूबाई तीन-चार कागद ताटलीत घेऊन वर गेल्या. खाली आल्या तेव्हा ताटली चाटूनपुसून लख्ख होती आणि त्यांचे डोळे भरलेले. किती दिवसांनी हे पोटभर जेवले, म्हणाल्या. मला पोटाशी धरलं. मी पण रडले. आईला सांगायला हवं.

१६ फेब्रुवारी

मान वर करायला फुरसत नाही. शाळेच्या मोठ्या बाईंचा निरोपाचा केक, जुळ्यांचा वाढदिवस, डॉक्टरांच्या दवाखान्याचा वाढदिवस (दवाखान्यालाही वाढदिवस असतो!). दुकानात घंटा वाजायची थांबत नाही. भट्टीकाकांचे पाव मात्र दुपारीही शेल्फवर तसेच असतात. ते काही बोलत नाहीत, भुवया बोलतात.

एक गोष्ट समजत नाही. इतकं छापतेय तरी शाई उतरत नाही. काल कार्ट्रिज उजेडात धरून पाहिली. परवापेक्षा भरलेली वाटली. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, बरंच आहे की, इंजिनियरीणबाईंच्या हाताला बरकत आहे.

त्याच्या जिभेवरचा रंग जात नाहीये. गुलाबी, कडेला निळसर. गिऱ्हाइकांना माल दाखवता दाखवता दिवसभर खातो, जाईल कसा? ब्रशने घासायला लावली. घासली तर ब्रशलाच केस आल्यासारखं काहीतरी मऊ चिकटलं. ब्रश टाकून दिला.

१९ फेब्रुवारी

दुपारी दुकान जरा थंडावलं म्हणून दोघं वर आलो. त्याने जवळ घेतलं. चुंबन घेताना मला पहिल्यांदा ओकारी आली. माझ्याच नवऱ्याची. त्याची जीभ जाड लागली, खरखरीत, आणि कोरडी. माझ्या तोंडातून ती थुंकी ओढून घेत होती, टीपकागदासारखी. वास तोच, झाकण उघडल्यावर आलेला. मी चूळ भरायला पळाले. त्याला वाईट वाटलं. मी काहीतरी थाप मारली. चूळ पुन्हा पुन्हा भरली, वेलची चघळली, तरी टाळूला अजून गोडसर बुळबुळ आहे.

खाली आले तर मोठ्या बाई आल्या होत्या. केक नको म्हणाल्या, नुसते कागद द्या. कोणाचा फोटो छापू, असं विचारलं तर म्हणाल्या कोणाचाही. दिले तर पिशवीत ठेवायला थांबल्या नाहीत. काउंटरपाशी उभ्या उभ्या, एकामागून एक, पोस्टाची तिकिटं चिकटवावीत तसे जिभेवर ठेवत गेल्या. इतक्या नीटनेटक्या बाई! हनुवटीवरून निळा ओघळ पदरावर गेला, त्यांना पत्ता नाही. जाताना काचेवर कागदाचा चुरा सांडला होता तो वाकून चाटला. सरळ जिभेने. मी दुसरीकडे पाहिलं.

काचेवरचा तो ओलसर पट्टा मी पुसला नाही. भट्टीकाकांनी राख टाकून पुसला.

२१ फेब्रुवारी

भट्टीकाका काम सोडून चाललेत. मागच्या दारी गाठलं त्यांना. बोलायला तयार नव्हते, मी हात जोडले. मग एवढंच म्हणाले की बाबा प्रत्येक कागदाचा कोपरा चाखून मगच गिऱ्हाइकाला द्यायचे, शाई नासल्यावरही चाखत राहिले. शेवटी शेवटी चाखायला कागद लागेना, यंत्रच उघडून बसायचे. झटकाबिटका काही नव्हता, मुली. तू चाखलं नसशील तर आजच घर सोड.

मी म्हटलं, नवऱ्याला सोडून कुठे जाऊ? त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. मैद्याचा हात होता.

नवरा आज पाव खात नव्हता. घास तोंडात फिरवायचा आणि ताटात काढून ठेवायचा. कोरडाच्या कोरडा गोळा.

२२ फेब्रुवारी

सासूबाई औषधाच्या दुकानात गेल्या होत्या, नवरा माल पोचवायला. प्रिंटर आडवा करून तळ उघडला.

पॅड वाढलंय. खाचेत मावत नाही, कडांवरून वर आलंय. वरच्या बाजूला बारीक बारीक पुटकुळ्या आहेत, ओळीने, जिभेवर असतात तशा. मधोमध खोल रेघ. स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं तर ते आक्रसलं. मागे सरलं. मग हळूच पुढे येऊन टोकाला चाटलं.

त्याच्यातून बारीक तंतू निघून नळ्यांमध्ये गेलेत. नळ्यांतून कार्ट्रिजमध्ये. नवी शाई केव्हाच संपलीय. आता येते ती हे सोडतंय. गावभर आम्ही—

पोटात होतं ते सगळं ओकले. ते शिंतोडे तळात उडाले. त्याने ते शोषून घेतले.

पॅड सांडशीत धरून भट्टीत टाकलं. चरचरलं. साखर करपल्याचा वास, मग मांसाचा, मग केस जळतात तसा. त्याची राख होईपर्यंत लाकडं सारत राहिले. आता यंत्र कायमचं बंद. रागावू देत कोणाला रागवायचं ते.

२३ फेब्रुवारी

नवरा दिवसभर रडतोय. भुकेने. दूध तोंडातून परत आलं. शब्द नीट उमटत नाहीत, जीभ आड येते. हातवारे करून एकच कागद मागतो. मी नाही म्हटलं की फरशीवर डोकं टेकून बसतो. मागच्या खोलीत सासरेही कण्हताहेत, भिंतीतून ऐकू येतं. दुकानाबाहेर माणसं बसून आहेत. भांडत नाहीत. नुसती ओठ चाटत बसली आहेत.

सासूबाई पाव कापायची सुरी घेऊन वर गेल्या.

२४ फेब्रुवारी

सकाळी यंत्राच्या घुर्र आवाजाने जाग आली. गिळल्याचा आवाज. घोटामागून घोट.

खाली रांग लागलेली. सासूबाई छापत होत्या. नवरा शेजारी उभा, कागद बाहेर यायच्या आधीच तोंड लावून.

मी मागच्या खोलीत गेले. बाबांच्या तोंडावरचं फडकं सपाट पडलं होतं. आजवर ते फुगीर असायचं हे मला तेव्हा कळलं. उचललं.

दात सगळे बाहेरच्या बाजूला ढकललेले. आत काही नाही. तळाशी कापल्याची सपाट जागा, ताज्या केकसारखी, आणि तिच्यातून झिरपतंय. रक्त नाही. पिवळं, गुलाबी, निळं, काळं. बाबा शांत झोपले होते. श्वास चालू.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. सगळं सांगितलं. ओरडल्या नाहीत. बाबांची जीभ इतकी फुगली होती की श्वास कोंडायचा, म्हणून दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा कापली. कापलेलं बाबांनीच उचललं आणि स्वतःच्या हाताने यंत्रात नेऊन बसवलं. ते पाहून सासूबाईंनी यंत्र झाकून टाकलं. पण तोंडात ती पुन्हा वाढली. कागदावाचून काही घशाखाली जाईना. छापलेला साठा पुरवून पुरवून दिला, तोही संपला. हाडं दिसायला लागली. तेवढ्यात मुलाने सांगितलं की लग्न करतोय, मुलगी प्रिंटर दुरुस्त करते.

“माझ्या डोळ्यांदेखत उपाशी मरू देऊ का माणसाला? तू काय केलं असतंस?”

त्यांनी फडकं माझ्या हातातून घेतलं, झटकलं, पुन्हा नीट बांधलं.

२५ फेब्रुवारी

नवऱ्याला घेऊन निघाले. एकच पिशवी. गाडी मिळाली असती. कोपऱ्यावर तो खांबाला धरून खालीच बसला. लोक जमले. कोणी वाईट नव्हतं. सगळे मायेने वाकले, आणि ज्याच्या त्याच्या खिशातून अर्धवट चाटलेला कागद निघाला. त्याच्या तोंडात भरवला. एका चिमुकल्या मुलीनेही तिचा दिला, लाळेने मऊ झालेला. प्रत्येकाचे दात निळे.

परत आलो.

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बॅटरी मारून त्याचा घसा बघितला, बराच वेळ. मग त्याच्या जिभेवर बोट फिरवलं आणि बोट स्वतःच्या तोंडात घातलं. फी नको म्हणाले.

२६ फेब्रुवारी

तोंड मिटत नाही. जीभ हनुवटीपर्यंत. उशीवर चार रंग. मी पुसते, फडकं भिजतं, ते पिळायला माझा हात धजत नाही.

डोळे मात्र त्याचेच आहेत. बघतो. ओळखतो. लाजतो माझ्यापुढे.

सासूबाई दाराबाहेरून बोलल्या. इतक्या गिऱ्हाइकाला एक पॅड पुरत नाही म्हणाल्या. मग हुंदका आला त्यांना. पोटचं पोर आहे ना.

कडी लावली. समोर पेटी सरकवली.

२७ फेब्रुवारी

श्वास कोंडतोय. शिट्टीसारखा आवाज. जीभ आतही वाढतेय, घशाकडे. त्याने माझा हात धरून स्वतःच्या तोंडाकडे नेला, आणि दुसऱ्या हाताने कापायची खूण केली.

आई नको, अशी मान हलवली. तू.

२८ फेब्रुवारी

सुरी उकळत्या पाण्यात आहे. टॉवेल. मीठ. सगळं मांडलंय.

सासूबाईंचे हात थरथरतात. माझे नाही थरथरणार. केसाएवढ्या भोकातून घाण काढलेली आहे मी. आणि जे निघेल ते यंत्रात जाऊ देणार नाही— हातात धरून खाली नेईन, भट्टीत घालीन, समोर उभी राहून जाळीन. मग यंत्रही. मग त्याला घेऊन जाईन, उपास पडले तर पडले, नळीने पाणी घालीन पण— या गावात स्वच्छ तोंडाची मी एकटी उरलेय. माझ्यावाचून कोण करणार.

ओठ काळे पडताहेत त्याचे. हा रंग शाईचा नाही.

पाणी उकळलं. लिहिणं पुरे. फक्त आईचा पत्ता लिहून ठेवते, मला काही झालं तर कोणीतरी तिला

पान संपलं. उलटायला बोट जिभेला लावलं तर या कोपऱ्यावर गुलाबी—

पुसलं. दुसरं बोट लावलं.

निळं.

मी तर एकही कागद